गाळ्यांचं शॉपिंग सेंटर (सोलापूर)

एखाद्या पेठेतल्या किंवा नगरातल्या लोकांसाठी एकाच आवारात ओळीनं बांधलेले दुकानांचे गाळे म्हणजे शॉपिंग सेंटर. मॉल वेगळा. इथं एसी नाही, सरकता जिना नाही, प्रत्येक गाळ्याचं शटर वेगळं. खाली किराणा, मेडिकल, झेरॉक्स, वर क्लास नाहीतर टॅक्सवाल्याचं ऑफिस, आणि जिन्याच्या कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या, ज्या प्लॅनमध्ये नसतात पण असतात मात्र सगळीकडे.

अमेरिकेत हा प्रकार मोटारीच्या मागून आला. कॅन्सस सिटीत जे. सी. निकोल्स या बिल्डरनं १९२३ मध्ये कंट्री क्लब प्लाझा सुरू केला तो गिऱ्हाईक गाडीतून येणार हे धरूनच, आणि १९३० मध्ये वॉशिंग्टनला पार्क अँड शॉप झालं त्यात तर दुकानं मागं घेऊन पुढची जागा गाड्यांना सोडलेली. सोलापुरात सगळं उलटं. इथं दुकानं आधी, रस्त्याला चिकटून, गाडीचा हिशोब कुणी धरलाच नव्हता, म्हणून आज नवी पेठेत टू-व्हीलर लावायला जागा मिळाली की माणूस अर्धी खरेदी झाल्यासारखा खूश होतो.

१८६० मध्ये रेल्वे आली, १८७७ मध्ये आपण जिला जुनी मिल म्हणतो ती सुरू झाली, पाठोपाठ नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कानडी आणि मराठी मुलूख तर शेजारीच, त्यामुळं बाजारात भाव तीन भाषांत चालायचा, अजूनही चालतो. पण जुन्या बाजाराची रीत अशी की एका धंद्याची दुकानं एका ठिकाणी. चाटी गल्लीत शिरलं की कापडच कापड, एका दुकानात साडी पटली नाही तर शेजारी जायचं, घासाघीस करायला गिऱ्हाईकाला बरं. भाजीपाल्याला मंगळवार बाजार. शॉपिंग सेंटरनं हे मोडलं. दहा गाळे, दहा धंदे, शेजारी स्पर्धा नाही त्यामुळं भावही फारसा तुटत नाही, पण जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडसारख्या बाहेरच्या वस्तीत राहणारा पावशेर साखरेसाठी गावात कशाला जाणार? माझ्या मते या सेंटरांचं खरं भांडवल हा आळसच आहे.

१ मे १९६४ ला नगरपालिकेची महापालिका झाली. महापालिकेच्या मालकीचे गाळे गावभर आहेत, लोक त्यांना मेजर आणि मिनी अशा दोन नावांनी ओळखतात. पार्क स्टेडियमच्या कडेचे गाळे तर सगळ्यांना माहीत, आत क्रिकेट आणि बाहेर दुकानदारी.

भांडण कायम भाड्यावरून. गाळा वर्षानुवर्षं जुन्या भाड्यानं चालू, आणि महापालिका अधिनियमातलं कलम ७९ म्हणतंय की मिळकत भाडेपट्ट्यानं देताना मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी नको. करार संपला की महापालिका रेडी रेकनर, म्हणजे मिळकतींच्या सरकारी दरांचा तक्ता, पुढं करते, गाळेधारक म्हणतात धंदा आम्ही उभा केला, तुमच्या भिंतींना आधी कोण विचारत होतं. दोघांचंही काही चूक नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारनं भाडेपट्टा नूतनीकरण आणि हस्तांतराचे नियम काढले. हस्तांतराचा मुद्दा गाळ्यांत नेहमीच नाजूक, कारण कागदावर नाव एकाचं आणि गल्ल्यावर बसलेला पोटभाडेकरू दुसराच, असंही असतंय.