लघुमूर्तींचे रूपांतर

लघुमूर्तींचे रूपांतर म्हणजे टेबलावर खेळल्या जाणाऱ्या चकमकीच्या युद्धखेळांसाठी विकत मिळणाऱ्या काल्पनिक योद्धे, जादूगार व राक्षसांच्या मूर्ती कापून, जोडून आणि पुट्टीने नवे अवयव घडवून त्यांना स्वतंत्र रूप देण्याची कला. खेळाडूंमध्ये ती ‘कन्व्हर्जन’ म्हणून ओळखली जाते. वेगवेगळ्या संचांतील सुटे भाग एकमेकांना जोडण्यापुरतेच काम असेल, तर त्याला ‘किटबॅशिंग’ म्हणतात.

चकमकीच्या खेळात अख्खे सैन्य नसते, मोजक्या योद्ध्यांची टोळी असते. प्रत्येकाचे शस्त्र, जखमा आणि मिळवलेला अनुभव यांची नोंद एका डावातून पुढच्या डावात जात राहते, त्यामुळे प्रत्येक मूर्ती वेगळी असण्याला येथे खरा अर्थ आहे. गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीच्या ‘मॉर्डहाइम’ (१९९९) या खेळाने ही आवड फार वाढवली. पुढे ऑस्प्रे या प्रकाशनसंस्थेच्या ‘फ्रॉस्टग्रेव्ह’ने (२०१५) कोणत्याही कंपनीच्या मूर्ती वापरण्याची मोकळीक दिली.

या मूर्ती बहुधा २८ मिमी मापाच्या, पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकच्या, रेझिनच्या किंवा धातूच्या असतात. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे मूर्तीवर बारीक रेघ उरते आणि ती पात्याने खरवडून काढणे हे पहिले काम. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे सापडलेल्या सातवाहनकालीन केओलिनच्या, म्हणजे पांढऱ्या चिनी मातीच्या, लहान मूर्तीही दुहेरी साच्यातून काढलेल्या आहेत. मराठवाड्यातील कारागिराला ही रेघ दोन हजार वर्षांपासून परिचयाची आहे, असे म्हणायला हरकत नाही.

पॉलिस्टायरीनचे भाग प्लॅस्टिक सिमेंटने जोडतात. ते पृष्ठभाग विरघळवून दोन्ही भाग एकजीव करते. धातू व रेझिन यांना सायनोअ‍ॅक्रिलेट म्हणजे फेविक्विकच्या जातीचा गोंद लागतो. मात्र हा जोड ठिसूळ असल्याने वजनदार हातापायांत १ मिमीचे भोक पाडून पितळी तार बसवणे आवश्यक ठरते. हा गोंद हवेतील ओलाव्याने धरतो, त्यामुळे मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात तो नेहमीपेक्षा सावकाश पकडतो. पुट्टीचे नेमके उलट होते. ‘ग्रीन स्टफ’ ही पिवळ्या व निळ्या पट्टीची इपॉक्सी पुट्टी वैशाखाच्या उष्म्यात लवकर कडक होते, म्हणून एका वेळी वाटाण्याएवढाच गोळा मळावा. दोन रंग जिथे एकमेकांना टेकलेले असतात ती मधली कड आधीच कडक झालेली असते. ती कापून टाकली नाही तर कापडाच्या चुणीत खडे येतात. पिवळा भाग जास्त घेतल्यास पुट्टी मऊ व चिकट होते आणि धोतर, पागोटे यांना ती बरी. निळा जास्त घेतल्यास चिलखताची धारदार कड नीट उतरते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे एम-सील भरावाला चांगले, पण चेहऱ्यासारख्या बारीक कामाला ते भरड पडते.

परदेशी सरदाराच्या मूर्तीला दांडपट्टा देणे हे या कलेची कसोटी पाहणारे रूपांतर आहे. नुसती तलवार बदलून भागत नाही. पट्ट्याचा खोबळा कोपराच्या जवळपर्यंत हात झाकतो व मनगट वळू देत नाही, त्यामुळे पाते आणि कोपराखालचा हात एकाच सरळ रेषेत यावे लागतात. म्हणून हात कोपरापाशी कापावा, चपट्या पितळी पट्टीचे पाते तारेने आत रोवावे, खोबळा पुट्टीने घडवावा आणि वार खांद्यातून फिरतो आहे असे दिसण्यासाठी धडही थोडे वळवावे. धड तसेच ठेवलेली मूर्ती, पुट्टीकाम कितीही सुबक असले तरी, अवघडलेलीच दिसते.

मूर्तीच्या पायाखालच्या बैठकीसाठी काळ्या बेसाल्टचे बारीक तुकडे आणि चाळलेली माती सहज मिळते. टेबलावरच्या देखाव्यासाठी देवगिरी किल्ल्याचे तासलेले कडे, खंदक आणि अंधारी या काळोख्या भुयाराची अरुंद वाट यांच्याइतका चकमकीला अनुकूल नमुना क्वचितच सापडेल. रंगाआधीचा स्प्रे प्रायमर सकाळी लवकर मारावा, कारण दुपारच्या उन्हात त्याचे थेंब वाटेतच सुकून मूर्तीवर खरखरीत थर बसतो. रेझिन घासताना ते ओले ठेवावे आणि मास्क लावावा. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते.

खेळात मूर्तीच्या हातातील शस्त्र आणि नोंदीतील शस्त्र एकच असावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. रूपांतर कितीही कल्पक असले तरी धनुर्धारी आणि भालाईत हातभर अंतरावरून वेगळे ओळखू यायला हवेत, तसेच मूळ बैठकीचा आकार बदलू नये, कारण अंतरे तिच्या कडेपासून मोजली जातात. काही कंपन्यांच्या अधिकृत स्पर्धांत इतरांचे सुटे भाग चालत नाहीत; घरगुती डावात हे आधी एकमेकांत ठरवून घेतले जाते.