वजाबाकीतील ऋण उत्तर

लहान संख्येतून मोठी संख्या वजा केली असता येणारे, शून्यापेक्षा कमी असलेले उत्तर. उदा. ३ − ८ = −५. मराठीत हे ‘तीन वजा आठ बरोबर उणे पाच’ असे वाचता येते. खूण एकच असली तरी पहिली आडवी रेघ क्रिया सांगते आणि दुसरी संख्येची जात. ‘वजा’ आणि ‘उणे’ असे दोन शब्द हाताशी असल्याने मराठीत हा भेद नुसत्या उच्चारातही जपता येतो. ‘उणे’चे मूळ असलेला ‘ऊन’ म्हणजे कमी, हा एकोणीस, एकोणतीस या संख्यानामांतही दडलेला आहे.

प्राथमिक वर्गात ‘दोनातून सात जात नाहीत’ असे शिकवतात. मोजायच्या वस्तूंपुरते ते खरेच आहे, कारण नैसर्गिक संख्यांची वजाबाकी त्याच संख्यांमध्ये राहील याची हमी नसते. ती हमी मिळावी म्हणून शून्य आणि ऋण संख्या जोडून पूर्णांकांचा संच तयार होतो. ३ − ८ करताना आठांपैकी तीन फिटतात, पाच फेडायचे उरतात. ‘ऋण’ या नावात हाच हिशेब आहे. संख्यारेषेवर पाहिले तर ३ पासून डावीकडे आठ घरे जायचे. तीन घरांवर शून्य लागते, पुढची पाच शून्यापलीकडे.

व्यवहारात मोठ्या संख्येतून लहान वजा करून उत्तराला उणे चिन्ह लावतात, कारण क − ख आणि ख − क या एकमेकींच्या विरुद्ध संख्या आहेत. ३ आणि ८ यांतील अंतर कुठूनही मोजले तरी ५ च. कोणातून कोण वजा केले, ते चिन्हावरून कळते. उभ्या मांडणीत मात्र घोळ होतो. ३४ − ५२ मध्ये प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करणारा विद्यार्थी २२ लिहितो. खरे उत्तर −१८ आहे. गंमत म्हणजे स्थानांची चिन्हे प्रामाणिकपणे राखली तर हातच्याची गरजच पडत नाही: एककस्थानी २, दशकस्थानी −२, म्हणजे −२० + २ = −१८.

या उत्तराचा स्पष्ट नियम गणिती ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मधील ब्राह्मस्फुटसिद्धान्त या ग्रंथात दिला: कमीतून अधिक वजा केल्यास येणारे अंतर ‘व्यस्त’, म्हणजे उलट होते. धनाचे ऋण होते आणि ऋणाचे धन. दुसरा भाग लोक विसरतात. −८ मधून −३ वजा केल्यास −५ येते, पण −३ मधून −८ वजा केल्यास +५. त्याही आधी चीनमध्ये समीकरणे सोडवताना धन संख्यांसाठी तांबड्या आणि ऋण संख्यांसाठी काळ्या काड्या वापरत. बखशाली हस्तलिखित या गणितावरील प्राचीन भारतीय पोथीत ऋण संख्येची खूण आजच्या अधिक चिन्हासारखी दिसते, हा योगायोग नवख्या वाचकाला हमखास चकवतो.

नियम माहीत असणे वेगळे आणि उत्तर मान्य करणे वेगळे. भास्कराचार्यांच्या बीजगणितातील (बारावे शतक) वानरांचे उदाहरण याचा उत्तम नमुना आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला, तेवढी वानरे गुहेत गेली. एक फांदीवर दिसते. तर एकूण किती? समीकरणातून ५० आणि ५ अशी दोन उत्तरे निघतात. ५० घेतल्यास १० − ३ = ७, वर्ग ४९, अधिक एक. ५ घेतल्यास १ − ३ = −२, वर्ग ४, अधिक एक. आकडेमोड दोन्हीकडे जुळते. तरीही भास्कराचार्य दुसरे उत्तर नाकारतात, कारण व्यक्त राशी, म्हणजे प्रत्यक्ष ज्ञात संख्या, ऋण होणे लोकांना पटत नाही. म्हणजे आक्षेप अंतिम उत्तरावर नाही, वाटेतल्या वजाबाकीवर आहे. आणि ‘उणे दोन वानरे’ म्हणजे काय, हे कोणालाच सांगता येत नसल्याने तो रास्तही आहे. युरोपात तर सोळाव्या शतकातही मायकेल श्टिफेलसारखा गणिती ऋण संख्यांना ‘असंगत’ म्हणत होता.

यंत्रांची अडचण निराळी. तीन अंकी गणकचक्र ००३ वरून आठ वेळा मागे फिरवले तर ०००नंतर ९९९ येते आणि चक्र ९९५ वर थांबते, म्हणजे १००० − ५. संगणक हीच युक्ती द्विमान पद्धतीत, म्हणजे ० आणि १ या दोनच अंकांत, वापरतो. आठ बिटांत (अशा आठ अंकांच्या जागेत) ३ − ८ केल्यास १११११०११ हा क्रम मिळतो. चिन्हरहित संख्या म्हणून तो वाचला तर २५१, चिन्हासहित वाचला तर −५. आज्ञावलीत (प्रोग्रॅममध्ये) चलाचा, म्हणजे संख्या साठवणाऱ्या जागेचा, प्रकार चुकीचा निवडला की शिल्लक उणे होण्याऐवजी अचानक प्रचंड दिसते, ती यामुळेच.