स्टुडिओ-खरेदी

लोकांच्या मनात घर केलेली चालू चित्रपटसंस्था एखाद्या मोठ्या माध्यमसमूहाने विकत घेणे, याला चित्रपटव्यवसायात स्टुडिओ-खरेदी म्हणतात. ती दोन वाटांनी होते. एकीत संस्थेचे शेअर घेतले जातात आणि त्यांच्याबरोबर तिची घेणी-देणी, करारमदार, खटले असे सारेच येते. दुसरीत हवे तेवढेच उचलले जाते : जुन्या चित्रपटांचे हक्क, किंवा जागा, किंवा नुसते नाव. मोबदला रोख असतो, शेअरांत असतो किंवा दोन्ही मिळून दिला जातो. भारतात ठरावीक मर्यादेपलीकडच्या व्यवहाराला भारतीय स्पर्धा आयोगाची मंजुरी लागते.

चित्रपटसंग्रह, पात्रांचे हक्क, यंत्रे, जमीन यांची किंमत काढता येते. ज्या कामाच्या रीतीमुळे प्रेक्षकाने त्या संस्थेवर जीव लावला, ती रीत मात्र माणसांत असते आणि ताळेबंदात तिला रकाना नसतो. खरेदी फळते की संस्था नावापुरती उरते, हे बहुतांशी एका गोष्टीवर ठरते : कथा, खर्च आणि वेळ यांबाबत अखेरचा शब्द कोणाचा, हे सही होण्याआधी नक्की झाले होते का.

बडोदे आणि पहिली उदाहरणे

या विषयाची भारतातली सुरुवात शोधू गेल्यास ती बडोद्याशी येऊन भिडते. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी राजा रविवर्म्याकडून लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी 14 पौराणिक चित्रे करवून घेतली. बडोद्याचे दिवाण राहिलेले टी. माधवराव यांनी त्याआधीच, रविवर्म्याच्या चित्रांना एवढी मागणी आहे तर त्यांच्या छापील प्रती काढाव्यात, असे त्याला सुचवले होते. पुढे 1894 मध्ये मुंबईत त्याचा छापखाना उभा राहिला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. घराघरांतल्या भिंतींवर लक्ष्मी-सरस्वती पोचल्या त्या याच छापखान्यातून. कला लोकांपर्यंत गेली, पण हिशेब जुळला नाही, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी छापखाना चित्रांच्या पुनर्मुद्रणाच्या हक्कांसह तिथलेच जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांना विकला गेला. नव्या मालकाच्या हाताखाली तिथे मालाची लेबले आणि जाहिरातीही छापल्या जाऊ लागल्या. चित्रपटसंस्थांच्या व्यवहारात पुढे जे दिसले त्याचा जवळजवळ पूर्ण नमुना इथे आहे : निर्मात्याची कीर्ती, भांडवलाची ओढाताण, हक्कांसह विक्री आणि कामाच्या स्वरूपात बदल.

त्या छापखान्यासाठी काम केलेल्यांपैकी एक होते धुंडिराज गोविंद फाळके. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर ते बडोद्याच्या कलाभवनात शिकले. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी सयाजीरावांच्या आश्रयाने उभारलेल्या या संस्थेत कला आणि कारागिरी यांच्यात भिंत नव्हती. चित्रकला, छायाचित्रण, छपाई यांचा एकत्र अभ्यास फाळक्यांना तिथे मिळाला. एकाच माणसाला कॅमेऱ्यापासून नेपथ्यापर्यंत सगळे यायला हवे, हा त्यांचा पुढचा बाणा कलाभवनातच घडला असे म्हणायला जागा आहे. मुंबईत त्यांनी भागीदारीत छपाईचा धंदा उभा केला आणि भागीदारांशी न पटल्याने तो सोडला. ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी प्रदर्शित झाला तो यानंतर.

फाळक्यांचा व्यवहार या नोंदीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. 1917 च्या ‘लंकादहन’ने अफाट गर्दी खेचली आणि मुंबईच्या भांडवलदारांचे लक्ष वेधले. 1918 मध्ये त्यांच्यासह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. फाळके भागीदारही होते आणि निर्मितीचे प्रमुखही. पैसा एकाचा, डोळा दुसऱ्याचा, अशी ही जोडी वर्षभरातच उसवू लागली. किती दिवसांत चित्रपट पुरा व्हावा, किती फूट फिल्म वापरावी, कशासाठी किती खर्च करावा, यांवर खटके उडत राहिले. शेवटी फाळके राजीनामा देऊन कुटुंबासह काशीला निघून गेले. तिथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. 1922 मध्ये ते कंपनीत परतले, पण पगारी माणूस म्हणून. कंपनीने पुढेही चित्रपट काढले, तरी फाळक्यांचा उल्लेख करताना आज कोणी त्यांतल्या बहुतेकांची नावे घेत नाही. भागीदारांना दोष देणे सोपे आहे. ते लबाड नव्हते, हिशेबी होते. अडले ते असे की, एका रिळाचा खर्च आणि एका दृश्याची गरज यांत वाद झाला तर निकाल कोणी द्यायचा, याची मान्य झालेली रीत त्यांच्यात नव्हती.

डिस्ने आणि पिक्सार

जगभर अभ्यासले जाणारे उदाहरण म्हणजे डिस्नेने केलेली पिक्सार या अ‍ॅनिमेशन स्टुडिओची खरेदी. पिक्सारचा उगम ‘स्टार वॉर्स’चे निर्माते जॉर्ज लुकस यांच्या लुकसफिल्मच्या संगणक विभागात आहे. 1986 मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी हा विभाग घेतला : 50 लाख डॉलर लुकस यांना दिले आणि तेवढेच भांडवल नव्या कंपनीत घातले. सुरुवातीची काही वर्षे कंपनी चित्रप्रक्रियेची महागडी यंत्रे विकत होती आणि तोट्यात होती. तिथले संगणकतज्ज्ञ एड कॅटमल यांना पूर्ण लांबीचा संगणकीय अ‍ॅनिमेशनपट करायचा होता, दिग्दर्शक जॉन लॅसेटर छोटे पट करून तो दिवस जवळ आणत होते, आणि जॉब्स खिशातून पैसे घालत होते. 1991 मध्ये डिस्नेशी करार झाला. नोव्हेंबर 1995 मध्ये ‘टॉय स्टोरी’ आला आणि त्याच महिन्यात पिक्सारचे शेअर बाजारात आले.

त्यानंतरचे दशक दोन्ही संस्थांसाठी चमत्कारिक होते. 1997 च्या नव्या करारानुसार खर्च आणि नफा निम्मा-निम्मा होता, पण जुन्या चित्रपटांचे पुढचे भाग काढण्याचा हक्क डिस्नेच्या हाती होता. पुढचा भाग काढला तरी तो करारातल्या पाच चित्रपटांत मोजायचा नाही, यावरून कडवटपणा आला. 2004 मध्ये बोलणी फिसकटली. डिस्नेने तर पिक्सारला वगळून तिच्याच पात्रांचे पुढचे भाग काढायला वेगळा विभाग उभारला. ज्यांनी ती पात्रे घडवली त्यांच्यासाठी ही गोष्ट किती जिव्हारी लागणारी होती, हे वेगळे सांगायला नको.

दरम्यान डिस्नेचे स्वतःचे अ‍ॅनिमेशन खालावले होते. सप्टेंबर 2005 मध्ये हाँगकाँगच्या डिस्नेलँडच्या उद्घाटनाची मिरवणूक पाहताना बॉब आयगर यांच्या लक्षात आले की, गेल्या दहा वर्षांतली लोकप्रिय पात्रे सगळी पिक्सारची आहेत, बाकीची जुन्या काळातली. महिन्याभरात ते डिस्नेचे प्रमुख झाले. 24 जानेवारी 2006 रोजी खरेदी जाहीर झाली : किंमत सुमारे 7.4 अब्ज डॉलर, सगळी शेअरांत, पिक्सारच्या एका शेअरमागे डिस्नेचे 2.3 शेअर. 5 मे 2006 रोजी व्यवहार पुरा झाला. पिक्सारचे सुमारे निम्मे शेअर जॉब्स यांच्याकडे असल्याने ते डिस्नेचे सर्वांत मोठे व्यक्तिगत भागधारक ठरले.

आकड्यांपेक्षा या व्यवहारातले कागद अधिक शिकवतात. पिक्सारची कोणती रीत बदलायची नाही याची यादीच पाच वर्षांसाठी लिहून घेतली गेली. कर्मचाऱ्यांना नोकरीच्या करारात बांधायचे नाही. दारावरची पाटी पिक्सारचीच राहील. ईमेलचे पत्तेही तेच राहतील. किरकोळ वाटणाऱ्या या बाबी लिहून घेणाऱ्यांना माणसांची चांगली पारख होती, कारण परकेपणाची पहिली जाणीव अशाच गोष्टींतून होते. त्याहून मोठी गोष्ट नेमणुकांची. विकत घेतलेल्या संस्थेच्या कॅटमल आणि लॅसेटर यांच्याकडे घेणाऱ्याच्याही अ‍ॅनिमेशन विभागाची सूत्रे दिली गेली. दोन्ही स्टुडिओ वेगळे ठेवले आणि एकाने अडचणीत दुसऱ्याची माणसे उसनी घ्यायची नाहीत असा दंडक घातला. पुढचे भाग काढणारा तो विभाग बंद झाला. पिक्सारमध्ये दिग्दर्शक एकत्र बसून एकमेकांच्या अर्धवट चित्रपटावर निर्भीडपणे बोलत, मात्र सुचवलेले ऐकायचे की नाही हे त्या चित्रपटाचा दिग्दर्शक ठरवी. ही बैठक तशीच चालू राहिली आणि डिस्नेतही रुजली.

पहिल्या काही वर्षांचे फळ उत्तम आले. 2007 ते 2010 या काळात पिक्सारने आपले काही सर्वोत्कृष्ट चित्रपट दिले आणि 2013 च्या ‘फ्रोझन’ने डिस्नेचा स्वतःचा स्टुडिओही पुन्हा उभा असल्याचे दाखवले. नंतरचा काळ एकसुरी नाही. सहकाऱ्यांशी केलेल्या अयोग्य वर्तनाच्या तक्रारींनंतर लॅसेटर यांना 2018 मध्ये जावे लागले. अ‍ॅनिमेटरांचे पगार वाढू नयेत म्हणून स्टुडिओंनी आपसांत संगनमत केल्याच्या दाव्यात डिस्ने, पिक्सार आणि लुकसफिल्म यांनी 10 कोटी डॉलरची तडजोड केली. प्रेमाने पाहिल्या जाणाऱ्या संस्थेच्या इतिहासातले हे पान झाकून चालणार नाही. करोनाच्या काळात पिक्सारचे तीन चित्रपट अमेरिकेत चित्रपटगृहाऐवजी थेट डिस्नेच्या स्ट्रीमिंग सेवेवर गेले, आणि 2024 मध्ये सुमारे 14 टक्के कर्मचारी कमी केले गेले. त्याच वर्षी ‘इनसाइड आउट 2’ने जगभरात 1.6 अब्ज डॉलरहून अधिक कमाई केली. कामाची रीत जपणारा कागद पाच वर्षांचा होता. चित्रपट कोणत्या पडद्यावर जाणार, हा प्रश्न त्यात कोणाला सुचलाही नसेल.

इतर परिणाम

प्रत्येक संस्थेच्या वाट्याला असे कागद येत नाहीत. डिस्नेने 2012 मध्ये 4.05 अब्ज डॉलरला लुकसफिल्म घेतली. लुकस यांनी ‘स्टार वॉर्स’च्या पुढच्या चित्रपटांचे कथा-आराखडे दिले होते, पण ते वापरण्याचे बंधन घातलेले नव्हते आणि ते बाजूला पडले. त्यांनी त्याबद्दलची निराशा उघड बोलून दाखवली. मार्च 2019 मध्ये फॉक्स या माध्यमसमूहाशी झालेल्या 71.3 अब्ज डॉलरच्या व्यवहारातून ब्लू स्काय हा अ‍ॅनिमेशन स्टुडिओ डिस्नेकडे आला आणि 2021 मध्ये बंद झाला. अशा भल्यामोठ्या गाठोड्यात छोटी संस्था आली की तिची बाजू मांडायला टेबलाशी कोणी नसते.

हक्क आणि संस्था वेगळ्या होण्याचे ठळक उदाहरण मेट्रो-गोल्डविन-मेयर या हॉलीवूडच्या जुन्या स्टुडिओचे. दूरचित्रवाणी-उद्योजक टेड टर्नर यांनी ती 1986 मध्ये घेतली आणि कर्ज पेलेना म्हणून काही महिन्यांतच बहुतेक भाग विकून टाकले. ठेवला तो जुना चित्रपटसंग्रह, आणि त्याच्या जोरावर दूरचित्रवाहिन्या उभ्या केल्या. उरलेली संस्था हात बदलत मार्च 2022 मध्ये 8.45 अब्ज डॉलरला अ‍ॅमेझॉनकडे आली. तरीही जेम्स बाँडच्या चित्रपटांवरचा सर्जनशील अधिकार ते चित्रपट काढणाऱ्या ब्रोकोली कुटुंबाकडेच होता. त्यांनी तो सोडल्याचे फेब्रुवारी 2025 मध्ये जाहीर झाले. अखेरचा शब्द कागदावर असला की एवढ्या मोठ्या समूहालाही थांबावे लागते.

भारतात विक्री बरेचदा जमिनीची असते. कोल्हापुरात 1929 मध्ये स्थापन होऊन 1933 मध्ये पुण्यात आलेली प्रभात फिल्म कंपनी, संस्थापकांपैकी शांताराम बाहेर पडल्यावर आणि दामले वारल्यावर खचत गेली व 1953 मध्ये बंद पडली. तिच्या आवारात 1960 मध्ये सरकारने चित्रपट-शिक्षणसंस्था उभारली. एखाद्या स्टुडिओच्या वाट्याला याहून चांगले उत्तरायुष्य क्वचितच येते. चेंबूरचा आर. के. स्टुडिओ 2017 च्या आगीनंतर 2019 मध्ये गोदरेज प्रॉपर्टीजकडे गेला, तो सुमारे 2.2 एकर भूखंड म्हणून. प्रभातच्या चित्रपटांची वाट आवारापासून वेगळी झाली. भारतीय कायद्यात चित्रपटाचा प्रताधिकार प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षे टिकतो, म्हणून 1936 चा ‘संत तुकाराम’ आज सर्वांचा आहे. अमेरिकेत त्या काळातल्या चित्रपटांना 95 वर्षे मिळतात. जुना संग्रह विकत घेण्याचा मोह तिथे अधिक असण्याचे हे एक कारण.

बडोद्यात ‘कंपनी दुसऱ्याने घेतली’ हे वाक्य नवे नाही. 1969 मध्ये स्थापन झालेली सरकारी इंडियन पेट्रोकेमिकल्स (आयपीसीएल) 2002 मध्ये रिलायन्सच्या ताब्यात गेली आणि 2007 मध्ये तिच्यात विलीन झाली. कारखान्यात मालक बदलला तरी संयंत्रातून निघणारा माल तोच राहू शकतो. गोष्टी सांगणाऱ्या संस्थेत तशी खात्री नसते. रावपुरा-दांडिया बाजारातल्या मराठी घरांत लागणारी स्टार प्रवाह वाहिनी 2019 मध्ये फॉक्सबरोबर डिस्नेकडे गेली, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये रिलायन्सच्या व्हायाकॉम18 शी स्टारच्या विलीनीकरणातून जिओस्टारमध्ये आली. या एकत्रित कंपनीचे मूल्य त्या वेळी 70,352 कोटी रुपये धरले गेले. कलर्स मराठी व्हायाकॉम18 ची असल्याने दोन प्रतिस्पर्धी मराठी वाहिन्यांचे मालक या व्यवहारात समोरासमोरून एका बाजूला आले. स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2024 मध्ये मंजुरी दिली ती कंपन्यांनी सुचवलेल्या काही बदलांच्या अटीवर. आयोग बाजारातला वाटा आणि जाहिरातीचे दर तपासतो. मराठी मालिकेचा लेखक कोणाला उत्तरदायी असेल, हे तपासणे त्याच्या कामात येत नाही.