सार्वजनिक कर्ज, विकसनशील देशांतील

सरकारने देशातल्या किंवा देशाबाहेरच्या धनकोंकडून उचललेली आणि फेडायची राहिलेली एकूण रक्कम म्हणजे सार्वजनिक कर्ज. सरकारी कर्जरोखे, परदेशी सरकारांनी व बहुपक्षीय बँकांनी दिलेली कर्जे आणि आंतरराष्ट्रीय बाजारात विकलेले डॉलरमधले बाँड हे त्याचे मुख्य भाग. सरकारी कंपन्यांची कर्जे, सरकारने दिलेल्या हमी आणि कंत्राटदारांची थकलेली बिले त्यात धरायची की नाहीत, याबाबत देशोदेशीचे हिशेब वेगळे आहेत. नेमके याच कोपऱ्यातून पुढे भलते आकडे बाहेर पडतात.

कर्जाचा बोजा सहसा जीडीपीच्या टक्केवारीत सांगतात. आकडा सोयीचा आहे, पण एकटा पाहिला तर फसवतो, कारण कर्ज काही जीडीपीतून फिटत नाही. देशी चलनातले कर्ज करवसुलीतून फिटते आणि परकीय चलनातले निर्यातीच्या किंवा परदेशस्थ नागरिकांनी घरी पाठवलेल्या डॉलरमधून. जपानचे सार्वजनिक कर्ज जीडीपीच्या २०० टक्क्यांहून जास्त आहे, पण ते येनमध्ये आहे आणि बहुतांश जपानी संस्थांकडेच आहे. अर्जेंटिनाने २००१ च्या अखेरीस हात वर केले तेव्हा त्याचे कर्ज जीडीपीच्या निम्म्याच्या आसपास होते. फरक पडला तो चलनाचा, मुदतीचा आणि वसुलीचा.

वसुलीचे उदाहरण घ्या. दोन देशांचे कर्ज जीडीपीच्या ६० टक्के आणि सरासरी व्याजदर ९ टक्के आहे. दोघांनाही वर्षाला जीडीपीच्या ५.४ टक्के इतके व्याज द्यावे लागते. एकाचा महसूल जीडीपीच्या ३६ टक्के असेल तर त्यातला १५ टक्के व्याजात जातो; दुसऱ्याचा १२ टक्केच असेल तर ४५ टक्के जातो. पगार आणि निवृत्तिवेतन दिल्यावर अशा सरकारकडे रस्त्याला खडी टाकायलाही पैसा उरत नाही आणि मग व्याजासाठीच नवे कर्ज काढावे लागते.

वाढ, व्याज आणि प्राथमिक शिल्लक

कर्जाचे प्रमाण वर्षभरात कुठे जाईल हे तीन गोष्टींवर ठरते : कर्जावरचा सरासरी व्याजदर, चालू किमतींनुसार जीडीपीची वाढ आणि प्राथमिक शिल्लक, म्हणजे व्याज वगळून उरलेल्या खर्चापेक्षा महसूल किती जास्त आहे ती रक्कम. जीडीपी १०० आणि कर्ज ६० धरू. व्याज ९ टक्के आणि प्राथमिक शिल्लक शून्य असेल, तर वर्षअखेर कर्ज ६५.४ होते. जीडीपी ७ टक्क्यांनी वाढला तर प्रमाण ६१.१ टक्के होते, ४ टक्क्यांनी वाढला तर ६२.९ आणि १२ टक्क्यांनी वाढला तर ५८.४. म्हणजे वाढीचा दर व्याजदराच्या वर असेल तर सरकारने काटकसर न करताही प्रमाण उतरते. खाली गेला, तर नुसते जागेवर राहण्यासाठीही शिल्लक काढावी लागते.

बहुतेक गरीब देशांची चांगली वर्षे पहिल्या प्रकारात मोडतात. सवलतीची कर्जे, चढत्या खनिज किमती आणि थोडीफार महागाई एकत्र आली की प्रमाण आपोआप घसरते, आणि ती घसरण शिस्तीमुळे झाली असा समज होतो. याच काळात कर कमी होतात, नोकरभरती होते आणि डॉलरचे बाँड विकले जातात.

जास्त कर्जामुळे वाढ खुंटते की वाढ खुंटल्यामुळे कर्ज साचते, हा वाद जुना आहे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी २०१० मध्ये जीडीपीच्या ९० टक्क्यांपुढे वाढ एकदम ढासळते असे मांडले. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील अभ्यासकांनी त्यांची स्प्रेडशीट तपासली तेव्हा काही देश सरासरीतून सुटल्याचे आणि इतर दोष आढळले. दुरुस्तीनंतर त्या गटाची सरासरी वाढ उणे ०.१ ऐवजी २.२ टक्के निघाली. सर्व देशांना लागू पडेल अशी एकच लक्ष्मणरेषा काढण्याचा नाद तेव्हापासून बराच ओसरला.

चलन आणि मुदत

अनेक विकसनशील देशांना परदेशात आपल्या चलनात दीर्घ मुदतीचे कर्ज मिळतच नाही. बॅरी आयकेनग्रीन आणि रिकार्दो हाउसमन यांनी १९९९ मध्ये याला ‘मूळ पाप’ म्हटले आणि तो शब्द रुळला. परिणाम साध्या गणिताने दिसतो : ६० पैकी ३० डॉलरमध्ये असतील आणि डॉलरची किंमत दीडपट झाली, तर ते ३० चे ४५ होतात आणि एक पैसाही नवा न उचलता कर्ज ७५ वर जाते. चलन साधारणपणे तेव्हाच घसरते, जेव्हा निर्यात आटलेली असते आणि महसूलही उतरलेला असतो. तिन्ही मार एकदम बसतात.

दुसरी गफलत मुदतीची. वीजकेंद्र उभे राहायला पाच-सहा वर्षे लागतात आणि त्याची कमाई पुढच्या पंचवीस वर्षांत येते. त्यासाठी दहा वर्षांचा बाँड विकला, तर सारे मुद्दल दहाव्या वर्षी एकरकमी द्यावे लागते. हिशेब असा असतो की तेव्हा नवा बाँड विकून जुना फेडू. बाजार खुला असेपर्यंत हे चालते. शिवाय वीज विकून मिळतो तो देशी पैसा. प्रकल्प नफ्यात असला तरी डॉलर दुसऱ्याच कुणाला तरी कमवावे लागतात, हे प्रकल्प अहवालांत क्वचितच लिहिलेले असते.

म्हणून परकीय गंगाजळीचा एक साधा निकष वापरतात : पुढच्या बारा महिन्यांत फेडायच्या परकीय कर्जाइतके तरी डॉलर हाताशी असावेत. हा गुइदोत्ती-ग्रीनस्पॅन नियम १९९७ च्या आशियाई संकटानंतर पुढे आला. त्या वेळी थायलंडच्या सरकारचे कर्ज थोडेच होते. अल्प मुदतीचे डॉलर उचलले होते ते बँकांनी आणि कंपन्यांनी. २ जुलै १९९७ रोजी थायलंडचे चलन बाट बाजारभावावर मोकळे सोडावे लागले आणि बुडालेल्या वित्तसंस्था सावरण्याचा खर्च अखेर सरकारी खात्यात आला.

व्यापाराशी नाते

निर्यात एक-दोन कच्च्या मालांवर उभी असेल तर परतफेडीची क्षमता त्यांच्या भावाबरोबर वरखाली होते. झांबियाच्या निर्यात उत्पन्नात तांब्याचा वाटा सुमारे ७० टक्के आहे. राउल प्रेबिश आणि हान्स सिंगर यांनी १९५० मध्ये दाखवले की कच्च्या मालाच्या किमती कारखानी मालाच्या तुलनेत दीर्घकाळात घसरत जातात. त्यांच्या निष्कर्षावर मतभेद आहेत, पण किमतींच्या चढउताराचा त्रास कुणी नाकारत नाही. भाव चढलेला असताना देशाची पत चांगली दिसते, धनको रांगेत उभे राहतात आणि कर्ज त्या भावाच्या हिशेबाने घेतले जाते.

डॉलर कमी पडू लागले की सरकार आधी आयातीवर बंधने आणते. चैनीच्या वस्तूंपासून सुरुवात होते, पण लवकरच यंत्रांचे सुटे भाग, खते आणि इंधन अडते. आयातीचा माल थांबला की कारखाने आणि शेती मंदावते आणि त्याबरोबर निर्यातही. श्रीलंकेत हे अडीच वर्षांत घडले. २०१९ च्या अखेरीस मूल्यवर्धित कर १५ वरून ८ टक्क्यांवर आणला गेला, पुढे साथीमुळे पर्यटन थांबले आणि एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर बंदी आली. १२ एप्रिल २०२२ रोजी सरकारने परकीय कर्जाची फेड थांबवल्याचे जाहीर केले. ७.८ कोटी डॉलरच्या व्याजाचा हप्ता चुकला, तीस दिवसांची सवलत मेमध्ये संपली आणि देश औपचारिकपणे थकबाकीदार ठरला. त्या सुमारास वापरता येण्याजोगी गंगाजळी ५ कोटी डॉलरही नव्हती. रक्कम पाहता हप्ता मोठा नव्हता. इंधनाचे जहाज उतरवायचे की व्याज द्यायचे, एवढाच प्रश्न उरला होता.

या प्रकरणात हंबनटोटा बंदराचे नाव नेहमी घेतले जाते. बंदर २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीला दिले गेले हे खरे. पण त्यातून मिळालेले १.१२ अब्ज डॉलर बंदराचे कर्ज फेडण्यात गेले नाहीत, गंगाजळीत गेले, आणि ते कर्ज सरकारच्या डोक्यावर तसेच राहिले. फेड थांबली तेव्हा चीनपेक्षा बाँडधारकांचे येणे मोठे होते.

बोजा मोजण्याच्या पद्धती

आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक कमी उत्पन्नाच्या देशांसाठी दर्शनी रकमेऐवजी ५ टक्के वटाव दराने काढलेले वर्तमान मूल्य, म्हणजे पुढे द्यायच्या हप्त्यांची आजची किंमत, पाहतात. नाममात्र व्याजाचे, चाळीस वर्षांचे कर्ज आणि तेवढ्याच रकमेचा दहा वर्षांचा बाँड सारखे वजनदार नसतात. देशांची कर्ज पेलण्याची ताकद कमकुवत, मध्यम किंवा भक्कम अशी ठरवतात आणि त्यानुसार उंबरठे बदलतात. परकीय कर्जाचे वर्तमान मूल्य कमकुवत देशात जीडीपीच्या ३० टक्के आणि निर्यातीच्या १४० टक्के, तर भक्कम देशात अनुक्रमे ५५ आणि २४० टक्क्यांपर्यंत चालते. वार्षिक हप्त्यांची मर्यादा कमकुवत देशांना निर्यातीच्या १० व महसुलाच्या १४ टक्के, भक्कम देशांना २१ व २३ टक्के.

उंबरठे ठीकच आहेत. दोष बहुधा वापरलेल्या अंदाजांत असतो. वाढ आणि निर्यात पुढच्या पाच वर्षांत जोमाने होईल असे गृहीत धरले की प्रत्येक आलेख अखेरीस खाली वळतो. दुसरा दोष लपलेल्या कर्जांचा. मोझांबिकमध्ये सरकारी कंपन्यांनी २०१३-१४ मध्ये हमीवर घेतलेली एक अब्ज डॉलरहून अधिक कर्जे संसदेला आणि नाणेनिधीला न सांगता घेतली गेली होती. २०१६ मध्ये ती उघड झाल्यावर देणगीदारांनी अर्थसंकल्पी मदत थांबवली आणि देश थकबाकीत गेला. तेल किंवा खनिजाच्या विक्रीतून थेट हप्ता वळता होणारी कर्जेही तशीच अडचणीची, कारण ती एकूण आकड्यात दिसली तरी निर्यातीचे डॉलर आधीच गहाण पडल्याचे त्यात दिसत नाही.

फेड थांबल्यावर

देशासाठी दिवाळखोरीचे न्यायालय नाही. १९७० च्या दशकात लॅटिन अमेरिकेने बदलत्या व्याजदराने कर्जे उचलली. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने महागाई रोखण्यासाठी १९८१ मध्ये दर २० टक्क्यांच्या घरात नेले आणि ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने हप्ते देता येत नाहीत असे कळवले. बँका सात वर्षे मुदत वाढवत राहिल्या. मुद्दलात सूट मिळाली ती १९८९ च्या ब्रेडी योजनेत, तोवर एक दशक वाया गेले होते. आफ्रिकेतील गरीब देशांना ती १९९६ च्या अतिकर्जबाजारी देशांच्या योजनेतून आणि २००५ च्या बहुपक्षीय माफीतून मिळाली. सोमालियाने ही वाट डिसेंबर २०२३ मध्ये पूर्ण केली.

आजची प्रक्रिया साधारण अशी चालते. सरकार फेड थांबवते आणि वित्तीय व कायदेशीर सल्लागार नेमते. नाणेनिधीचे पथक कर्ज पेलण्याचे विश्लेषण करून किती सूट हवी ते ठरवते. निधीच्या संचालक मंडळाची मंजुरी मिळण्याआधी धनको सरकारांनी सवलतीची हमी द्यावी लागते आणि इथेच महिने जातात. १९५६ पासून चालत आलेल्या पॅरिस क्लबमध्ये, म्हणजे धनको सरकारांच्या गटात, चीन सदस्य नाही, म्हणून जी-२० देशांनी नोव्हेंबर २०२० मध्ये सर्व धनको सरकारांनी एकत्र वाटाघाटी करण्याची सामाईक चौकट आखली. सरकारी धनकोंशी करार झाल्यावर बाँडधारकांनी निदान तेवढीच सूट द्यावी, अशी अट असते. कराराच्या कलमानुसार ठरावीक बहुमताने, नव्या बाँडांत बहुधा ७५ टक्क्यांनी, होकार दिला की उरलेल्यांनाही तो बंधनकारक ठरतो. ही कलमे नव्हती तेव्हा अर्जेंटिनाच्या सुमारे ९३ टक्के बाँडधारकांनी २००५ आणि २०१० मध्ये सूट मान्य केली, पण उरलेल्यांनी न्यूयॉर्कच्या न्यायालयात २०१६ पर्यंत लढून भरघोस वसुली केली.

झांबियाचा क्रम पाहिला की विलंबाची कल्पना येते : नोव्हेंबर २०२० मध्ये हप्ता चुकला, नाणेनिधीचा कार्यक्रम ऑगस्ट २०२२ मध्ये मंजूर झाला, सरकारी धनकोंशी ६.३ अब्ज डॉलरची तडजोड जून २०२३ मध्ये आणि बाँडांची अदलाबदल जून २०२४ मध्ये झाली. मधल्या काळात नवा प्रकल्प उभारायला कुणी पैसा देत नाही.

देशी कर्जाची पुनर्रचना, म्हणजे रक्कम, व्याज किंवा मुदत बदलून घेणे, कागदावर सोपी असते, कारण कायदा स्वतःच्या हातात असतो. पण रोखे देशातल्या बँका, विमा कंपन्या आणि निवृत्तिवेतन निधींकडे असतात. सूट मिळाली की त्यांचे भांडवल तेवढेच घटते आणि बँका सावरायला सरकारला पुन्हा कर्ज काढावे लागते. घानाने डिसेंबर २०२२ मध्ये हा मार्ग धरला तेव्हा निवृत्तिवेतन निधींना कामगार संघटनांच्या विरोधामुळे आधी वगळावे लागले.

मुद्दल न बुडवता बोजा उतरवल्याचे ठळक उदाहरण जमैकाचे. २०१३ मध्ये त्याचे कर्ज जीडीपीच्या १४० टक्क्यांहून अधिक होते. देशी रोख्यांचे व्याज कमी करून मुदत वाढवली, मुद्दलाला हात लावला नाही, आणि वर्षानुवर्षे जीडीपीच्या सुमारे ७ टक्के प्राथमिक शिल्लक काढली. मार्च २०२४ पर्यंत प्रमाण सुमारे ७४ टक्क्यांवर आले. वाढ या काळात बेताचीच होती. मालक, कामगार संघटना आणि सरकार यांची संयुक्त समिती आकड्यांवर लक्ष ठेवून होती, आणि सत्तांतरानंतरही धोरण टिकले. बाकी ठिकाणी दोन-तीन वर्षांतच अशी काटकसर मोडते.

अलीकडच्या पुनर्रचनांत परिस्थितीप्रमाणे हप्ता बदलणारी कलमे घातली जातात. श्रीलंकेच्या डिसेंबर २०२४ मधील नव्या बाँडांपैकी काहींची देय रक्कम जीडीपीच्या कामगिरीशी जोडलेली आहे. अशा बाँडांचे भाव ठरवणे अवघड जाते आणि जीडीपीचे आकडे मागाहून सुधारले की वाद होतात. वादळाशी जोडलेली कलमे त्या मानाने सरळ, कारण नुकसान ठरवणारी मोजणी विम्याच्या निकषावर होते. कॅरिबियनमधील ग्रेनाडा या देशाने २०१५ च्या पुनर्रचनेत असे कलम घालून घेतले होते. २०२४ च्या बेरिल वादळानंतर ते लागू झाले आणि बाँडधारकांचे पुढचे दोन हप्ते लांबणीवर पडले.