दोन कर्क आणि गेलेली वीज

ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' ही अंतराळ प्रवासाची अमेरिकन मालिका लागायची. गोव्यात म्हार्दोळच्या आमच्या घरात चित्र सुखासुखी येत नसे. दादा कौलांवर चढून अँटेना फिरवायचा, खाली खिडकीशी मी उभी. "आयलें?" "ना! मातशें उजवे वटेन!" एका रविवारी चित्र त्यातल्या त्यात बरं मिळालं. कॅप्टन कर्क (आमच्या घरी कर्क म्हणजे रास, त्यामुळे नाव लगेच पाठ झालं होतं) एका ग्रहावरून अंतराळ जहाजावर परतला आणि त्याला वर आणणारं यंत्र बिघडल्यामुळे एकाच्या जागी दोन कर्क तयार झाले. एक अगदी मवाळ, दुसरा आडदांड, डॉक्टरकडे दारू मागणारा. दोघे समोरासमोर आले आणि वीज गेली.

ती आली संध्याकाळी. तोवर घरात तीन तट पडले होते. दादाच्या मते आडदांड कर्क हा वेष पालटून आलेला परग्रहवासी. माझ्या मते मवाळ तो तोतया, कारण खरा कर्क एवढा शामळू असूच शकत नाही. आदोळीवर नारळ खवत बसलेल्या आजीने टीव्हीकडे नीट पाहिलंही नव्हतं. ती म्हणाली, "दोगूय खरे आसतले. एकल्याक दुसऱ्याबगर चलचें ना."

फॅन थिअरी (कथेतल्या कोड्यावर चाहत्यांनी लढवलेला तर्क) हा शब्द तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हता. पुढे कित्येक वर्षांनी तो भाग मी इंटरनेटवर शेवटपर्यंत पाहिला. अमेरिकेत तो 6 ऑक्टोबर 1966 रोजी पहिल्यांदा दाखवला गेला होता. आजी बरोबर निघाली. मवाळ कर्कला आडदांडाशिवाय साधा निर्णयही घेता येत नाही आणि शेवटी दोघांना पुन्हा एक करावं लागतं.

पण मोठेपणी पाहताना दुसराच प्रश्न पडला. यंत्र बिघडल्यामुळे कर्कचे काही सोबती खाली ग्रहावर अडकलेत, रात्र पडते तशी थंडीने गोठून मरायला टेकलेत. मग एखादं छोटं यान पाठवून त्यांना वर का आणत नाहीत? मालिकेचे चाहते हा प्रश्न वर्षानुवर्षं चघळत आलेत आणि त्यांनी वादळापासून चुंबकीय क्षेत्रापर्यंत कारणंही शोधली आहेत. खरं कारण असं की ते छोटं यान तोवर बनलंच नव्हतं. म्हणजे कथेतल्या जहाजाकडे नव्हतं असं नव्हे, चित्रीकरणासाठी ते कोणी बांधलं नव्हतं. पडद्यावर ते पहिल्यांदा आलं नोव्हेंबर 1966 मध्ये.

माणसाला इथून तिथे क्षणात पोचवणारं ते 'ट्रान्सपोर्टर' यंत्रही असंच जन्माला आलं. दर आठवड्याला अवाढव्य जहाज नव्या ग्रहावर उतरवून दाखवणं परवडणारं नव्हतं. त्यापेक्षा नट चकाकत नाहीसा झाला आणि चकाकत उगवला की काम भागतं. विज्ञान कथांतल्या बऱ्याच गूढांचा उगम असा गल्ल्यापाशी सापडतो. मजा अशी की गल्ल्यातून निघालेल्या या कल्पनेने भौतिकशास्त्रातला एक अस्सल प्रश्न उभा केला: पलीकडे जो उतरतो तो तोच माणूस, की मूळ माणूस मेला आणि त्याची हुबेहूब नक्कल जिवंत झाली?

चाहत्यांमध्ये यावरून आजही भांडणं होतात. भौतिकशास्त्राकडे माणसाचं उत्तर नाही, पण कणांचं आहे. 1982 मध्ये गणिताने सिद्ध झालं की अज्ञात पुंज (क्वांटम) अवस्थेची, म्हणजे एखाद्या कणाच्या आतल्या पूर्ण स्थितीची, तंतोतंत दुसरी प्रत काढता येत नाही. झेरॉक्सचं दुकान निसर्गाने मुळातच बंद ठेवलंय. 1993 मध्ये सहा शास्त्रज्ञांनी दाखवलं की प्रत काढता येत नसली तरी ती अवस्था एका जागेवरून दुसऱ्या जागी नेता येते. त्यासाठी आधी एकमेकांशी पुंजबंधाने (एंटँगलमेंट, म्हणजे दूर असूनही दोन कणांच्या अवस्था एकत्र बांधलेल्या असणं) जोडलेल्या दोन कणांची जोडी लागते. एक कण इथे, एक तिथे. इथल्या कणासोबत मूळ कणाचं मोजमाप करायचं. त्यात मूळ अवस्था नष्ट होते. मोजमापाचा निकाल साध्या मार्गाने, फोन करा नाहीतर रेडिओ संदेश पाठवा, पलीकडे कळवायचा आणि तिथल्या कणावर त्याप्रमाणे छोटीशी क्रिया केली की तो हुबेहूब मूळ कणाच्या अवस्थेत येतो. 1997 मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला हे प्रकाशकणांवर करून दाखवलं गेलं. त्या गटाचे प्रमुख अँटोन झायलिंगर यांना 2022 च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. 2017 मध्ये चीनच्या उपग्रहाने हेच जमिनीपासून 1,400 किलोमीटरपर्यंत केलं.

म्हणजे मूळ नष्ट झाल्याशिवाय दुसरीकडे काही उगवत नाही आणि एकाचे दोन तर होऊच शकत नाहीत. निकाल कळवल्याशिवाय पलीकडे काही हाती लागत नसल्याने प्रकाशाच्या वेगावरही कुरघोडी नाही. योगायोग पाहा: ज्या 1993 मध्ये तो शोधनिबंध छापला गेला, त्याच वर्षी 'स्टार ट्रेक'च्या पुढच्या मालिकेत रायकर नावाच्या अधिकाऱ्याचे ट्रान्सपोर्टरमुळे दोन रायकर झाले आणि दोघेही वेगवेगळे जगू लागले. माझा दादा त्यावेळी अभियांत्रिकीला होता. त्याने ते पाहिलं असतं तर नक्की पुन्हा परग्रहवासी आणला असता.

आणि प्रमाणाचा प्रश्न उरतोच. साधारण माणसाच्या शरीरात 7 वर 27 शून्यं इतके अणू असतात. सेकंदाला शंभर कोटी अणूंची नोंद करत गेलो तरी एक माणूस नोंदवायला सुमारे 22,000 कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय आहे 1,380 कोटी. शिवाय अणूचं स्थान आणि वेग एकाच वेळी अचूक कळू शकत नाही, हा हायझेनबर्गचा दंडक आहे. मालिकेच्या लेखकांनी त्यावर 'हायझेनबर्ग कॉम्पेन्सेटर' नावाचा एक भाग यंत्रात बसवून टाकला. तो कसा चालतो असं पत्रकाराने विचारल्यावर मालिकेचे तांत्रिक सल्लागार मायकल ओकुडा म्हणाले की छान चालतो, आभारी आहे. मला हे उत्तर फार प्रामाणिक वाटतं.

सगळेच एवढे प्रामाणिक नसतात. 'स्टार ट्रेक'मधल्याच क्लिंगॉन या लढवय्या जमातीचं घ्या. 1967 मध्ये ते पहिल्यांदा आले तेव्हा त्यांची कपाळं तुमच्याआमच्यासारखी सपाट होती. 1979 च्या चित्रपटात पैसा आला, रंगभूषा सुधारली आणि कपाळावर हाडांचे उंचवटे उगवले. सपाट कपाळं गेली कुठे? 1996 च्या एका भागात नव्या मालिकेतली पात्रं भूतकाळात जाऊन जुन्या, सपाट कपाळाच्या क्लिंगॉनांना भेटतात. सोबतचा उंचवटेवाला क्लिंगॉन अवघडतो. कोणी विचारतं, जनुकांशी खेळ झाला होता का? दुसरा विचारतो, विषाणू होता का? तो म्हणतो, बाहेरच्यांशी आम्ही हे बोलत नाही. विनोद इतका नेमका होता की तिथेच थांबायला हवं होतं. 2005 मध्ये आणखी एका मालिकेने दोन भाग खर्ची घालून सांगितलं की जनुकांशी खेळ झाला होता आणि त्यातून विषाणू पसरला होता.

ब्रिटिश 'डॉक्टर हू'चं ठिगळ मात्र मला आवडतं. 1966 मध्ये मुख्य नट विल्यम हार्टनेल आजारी झाले, तेव्हा लेखकांनी ठरवलं की या नायकाची जात मरणाच्या दारात गेली की नवं शरीर धारण करते. आमच्या जत्रेतल्या नाटकात गेल्या वर्षीचा संभाजी मुंबईला नोकरीला गेला म्हणून यंदा पोस्टमन संभाजी होतो आणि मांडवातलं कोणी हरकत घेत नाही, त्यातलाच प्रकार. पण 1976 मध्ये कोणीतरी एका संवादात लिहून ठेवलं की असा कायापालट बारा वेळाच होतो. तेव्हा बारा म्हणजे फार दूरची गोष्ट होती. 2013 येता येता मोजणी संपली आणि लेखकांना नायकासाठी नवा कोटा मंजूर करून घ्यावा लागला.

चाहत्यांचे सगळे तर्क मात्र ठिगळं नसतात. 2016 मध्ये 'वेस्टवर्ल्ड' ही यंत्रमानवांच्या मनोरंजन पार्कवरची मालिका सुरू झाली. काही आठवड्यांतच प्रेक्षकांनी ताडलं की पडद्यावर शेजारी शेजारी दिसणारे प्रसंग एका काळातले नाहीत, त्यांच्यात तीसेक वर्षांचं अंतर आहे आणि तो भाबडा तरुण व तो क्रूर म्हातारा एकच. पुरावा काय, तर पार्कचं बोधचिन्ह काही दृश्यांत जुन्या धाटणीचं आणि काहींत नव्या. या तर्काचं मोल असं की तो सहज पडू शकला असता. त्या दोघांना एका खोलीत एकदा बोलताना दाखवलं की संपलं. तसं घडलं नाही आणि पहिल्या पर्वाच्या शेवटच्या भागात तर्क खरा ठरला.

याच्या उलट 'लॉस्ट'. 2004 ते 2010. विमान एका बेटावर कोसळतं आणि तिथे ध्रुवीय अस्वल काय, 4, 8, 15, 16, 23, 42 हे आकडे काय. चाहत्यांचा लाडका तर्क: सगळे विमानातच मेले, हे मरणानंतरचं जग आहे. निर्माते सुरुवातीपासून नाही म्हणत होते. पण या तर्काला काहीच मोडू शकत नाही. अस्वल दिसलं? मरणानंतर दिसणारच. कोणी मेलं? पुन्हा मेलं. शेवटच्या भागानंतर श्रेयनामावलीत वाहिनीने कोसळलेल्या विमानाची नुसती दृश्यं टाकली, तर लोकांनी तीही पुरावा म्हणून घेतली.

रिवणजवळ कुशावतीच्या काठी उसगाळीमळला जांभ्या दगडावर प्राचीन माणसाने कोरलेली चित्रं आहेत. त्यात बैल आहेत आणि एक गोल चक्रव्यूह आहे. 1993 मध्ये ती अभ्यासकांच्या नजरेस आली. मी तिथे दोन-तीनदा गेले आणि प्रत्येक वेळी कोणी ना कोणी त्या व्यूहाचा अर्थ सांगत होतं. पोरांचा खेळ, पाताळाचा नकाशा, पंचांग. एका गृहस्थांनी तर विमानतळ म्हटलं. सगळ्यांना मी एकच विचारते, काय सापडलं तर तुम्ही हे म्हणणं सोडाल? विमानतळवाले गृहस्थ रागावले.

या प्रश्नावर नापास होणाऱ्यांत मोठी माणसंही आहेत, आणि पास होऊन हरणारेही. युरेनस ग्रह गणितापेक्षा जरा वेगळा फिरतो म्हणून फ्रान्सच्या ल व्हेरिए यांनी तर्क केला की पलीकडे एक न दिसलेला ग्रह असणार. 1846 मध्ये बर्लिनच्या वेधशाळेने त्यांनी सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून शोधून काढला. बुधाची कक्षाही शतकाला 43 विकला (एक विकला म्हणजे अंशाचा 3,600वा भाग) जास्तीची सरकत होती. ल व्हेरिए यांनी 1859 मध्ये तोच उपाय सुचवला: सूर्याजवळ आणखी एक ग्रह असणार. त्याचं नाव व्हल्कन. लोकांनी तो शोधला, काहींनी दिसल्याचंही सांगितलं. तो नव्हताच. 1915 मध्ये आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला आणि त्या 43 विकला त्यातून आपसूक निघाल्या.

नाव मात्र वाया गेलं नाही. 'स्टार ट्रेक'मधल्या टोकदार कानांच्या स्पॉकचा ग्रह व्हल्कन. तो कुठल्या ताऱ्याभोवती फिरतो हे मालिकेने सांगितलं नव्हतं, त्यामुळे चाहत्यांत दोन तारे होते: एप्सिलॉन एरिडानी आणि 40 एरिडानी. 1991 मध्ये मालिकेचा जनक जीन रॉडनबेरी आणि तीन खगोलशास्त्रज्ञांनी एका खगोल मासिकाला पत्र लिहून कौल दिला. एप्सिलॉन जेमतेम शंभर कोटी वर्षांचा, बुद्धिमान जीव घडायला एवढा वेळ पुरत नाही. 40 एरिडानी सुमारे चारशे कोटींचा, म्हणून तो. फॅन थिअरीत ताऱ्याचं वय पुरावा म्हणून वापरलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

मग 2018 मध्ये खरोखरच बातमी आली: सोळा प्रकाशवर्षांवरच्या या ताऱ्याभोवती पृथ्वीच्या साडेआठपट वस्तुमानाचा ग्रह, 42 दिवसांची प्रदक्षिणा. ग्रह दिसला नव्हता. तो ओढतो तेव्हा तारा किंचित पुढेमागे झुलतो आणि त्याच्या प्रकाशाच्या वर्णपटातल्या रेषा किंचित सरकतात, तेवढं मोजलं होतं. झुलण्याचा वेग सेकंदाला दोन मीटरहून कमी. मिरामारच्या वाळूवर सकाळी भरभर चालणारे निवृत्त काका याच वेगाने जातात, आणि इथे एक अख्खा तारा.

शोधणाऱ्यांनी त्याच वेळी एक खटकणारी गोष्ट नोंदवली होती: ताऱ्याला स्वतःभोवती फिरायलाही साधारण 42 दिवसच लागतात. 2024 मध्ये अमेरिकेतल्या किट पीक वेधशाळेच्या अधिक बारीक उपकरणाने वेगवेगळ्या तरंगलांबींवर मोजलं. ग्रह असता तर सगळ्या रेषा सारख्याच सरकल्या असत्या. त्या तशा सरकत नव्हत्या. ताऱ्याच्या पृष्ठभागावरच्या डागांची आणि खळबळीची ती करामत होती, ताऱ्याबरोबर फिरणारी. व्हल्कन दुसऱ्यांदा गेला.

गेल्या जानेवारीत भाच्याला तो तारा दाखवायला गच्चीवर गेले. मृगातल्या राजन्यापासून पश्चिमेला हात लांब करून दीड मूठ मोजायची. तारा मंद आहे आणि शेजारच्या घरावरचा दिवा नेमका डोळ्यात येत होता. छोट्या दुर्बिणीतून अखेर मिळाला, आणि त्याच्या बाजूला एक फिकट ठिपका.

"हाच व्हल्कन?"

"नाही, तो त्याचा जोडीदार. एक विझत चाललेला तारा, श्वेत बटू. या जातीचा पहिला ओळखला गेला तो हाच, 1910 मध्ये."

तेवढ्यात गावातली वीज गेली. यावेळी कोणी ओरडलं नाही. शेजारचा दिवाही गेला, आणि भाचा दुर्बीण सोडून नुसत्या डोळ्यांनी मूठ मोजायला लागला.