सेल्युलाइटचे खळगे आणि स्ट्रेच मार्क्सचे पट्टे

मांड्यांवरचे आणि नितंबांवरचे खळगे असोत वा पोटावरचे, कमरेवरचे लांबट पट्टे असोत, औषधाच्या दुकानात दोन्हींसाठी बहुधा एकच नळी पुढे केली जाते आणि तिच्यावर 'सेल्युलाइट' व 'स्ट्रेच मार्क्स' हे शब्द एका दमात छापलेले असतात. त्यामुळे ही एकाच तक्रारीची दोन रूपे असावीत, असा समज होतो. वास्तविक पहिल्या प्रकारात त्वचेखालचे तंतू पृष्ठभागाला आत ओढतात, तर दुसऱ्यात खुद्द त्वचाच आतून विरलेली असते. कोणत्या उपायाने काही साधेल आणि कोणत्याने केवळ पैसे जातील, हे बहुतांशी याच फरकावरून ठरते.

आधी सेल्युलाइट. त्वचेखाली चरबीचा थर असतो आणि त्या थरातून जाणारे तंतूंचे पडदे त्वचेला खालच्या आवरणाशी बांधून ठेवतात. कापसाच्या गादीला टाके घातल्यावर टाक्याच्या जागी खाच पडते आणि दोन टाक्यांमधला कापूस वर फुगतो. नेमके तसेच येथे घडते. १९७८ साली दोन जर्मन संशोधकांनी असे मांडले, की स्त्रियांमध्ये हे पडदे बरेचसे उभे असतात, तर पुरुषांमध्ये ते तिरके, एकमेकांना छेद देणारे असतात. वयात आल्यानंतर सुमारे ८० ते ९० टक्के स्त्रियांमध्ये थोडेफार सेल्युलाइट आढळते, सडपातळ स्त्रियाही त्याला अपवाद नाहीत, आणि पुरुषांमध्ये मात्र ते क्वचितच दिसते, यामागे ही रचना आणि इस्ट्रोजेनसारखी संप्रेरके आहेत. इतक्या जणींमध्ये जे असते त्याला आजार म्हणणे मला पटत नाही. (सेल्युलायटिस हा मात्र खरोखरच आजार आहे, तो जिवाणूंचा संसर्ग असून त्यात बहुधा एकच पाय लाल, गरम आणि दुखरा होतो, कधी तापही येतो, आणि त्यावर डॉक्टरांकडून तातडीने प्रतिजैविके घ्यावी लागतात. नावे सारखी असली तरी दोहोंचा संबंध नाही.)

स्ट्रेच मार्क्सची गोष्ट वेगळी आहे. त्वचेच्या आतल्या थरातील कोलॅजेन आणि इलॅस्टिन या तंतूंची वीण ताणामुळे किंवा संप्रेरकांच्या परिणामामुळे तुटते, आणि जुन्या लुगड्याचा एखादा पट्टा विरावा तशी तेथील त्वचा पातळ होते. हे पट्टे सुरुवातीला लालसर किंवा जांभळट दिसतात, सावळ्या वर्णावर काहीसे गडद तपकिरीही, आणि पुढे काही महिन्यांनी ते फिकट, चकचकीत व बारीक सुरकुत्यांचे होतात. गरोदरपण हे त्याचे सर्वपरिचित कारण असले, तरी झपाट्याने उंची वाढणाऱ्या मुलांच्या पाठीवर पडणारे आडवे पट्टे हेही तेच असतात.

आपल्याकडे आणखी एका कारणाकडे दुर्लक्ष होते. जांघेतल्या गजकर्णावर लोक दुकानातून स्वतःच मलम आणतात, खाज लगेच थांबते म्हणून ते महिनोन्महिने लावत राहतात, आणि त्या मलमात अनेकदा क्लोबेटासोलसारखे तीव्र स्टेरॉइड मिसळलेले असते. स्टेरॉइडमुळे त्वचा पातळ होते, जांघेत रुंद, ठळक पट्टे उमटतात, आणि गजकर्ण दबून पुन्हा पसरते ते वेगळेच. हे पट्टे नंतर पुसले जात नाहीत. अंगावर रुंद जांभळे पट्टे येत असतील आणि त्यासोबत चेहरा गोल होत असेल, रक्तदाब वाढत असेल, तर शरीरातील कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतःच तयार करते ते स्टेरॉइड संप्रेरक, तपासून घेणे आवश्यक आहे.

घरच्या घरी दोन्ही ओळखणे अवघड नाही. सेल्युलाइट हा मुख्यतः उजेड आणि सावलीचा खेळ आहे. उभे राहून बाजूने प्रकाश पाडला की खळगे उठून दिसतात, आणि सौम्य प्रमाणात असतील तर आडवे झाल्यावर ते दिसेनासे होतात. स्ट्रेच मार्क्सना स्वतःचा रंग आणि कडा असतात. उभे राहा वा झोपा, ते असतात तेथेच राहतात. एकाच मांडीवर दोन्ही असणेही अगदी शक्य आहे.

उपायांच्या बाबतीत स्ट्रेच मार्क्समध्ये वेळेला महत्त्व आहे. पट्टे लालसर असतानाच डॉक्टरांच्या सल्ल्याने ट्रेटिनॉइन हे 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातले मलम लावल्यास ते काही प्रमाणात फिके होतात, परंतु गरोदरपणात हे औषध वापरता येत नाही. कोको बटर किंवा ऑलिव्ह तेल चोळल्याने पट्टे टळतात, हे चाचण्यांमध्ये सिद्ध झालेले नाही. तेलाने खाज आणि कोरडेपणा कमी होतो, एवढे खरे. जुन्या पांढऱ्या पट्ट्यांसाठी मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचा टोचणे) किंवा फ्रॅक्शनल लेझर (त्वचेवर बारीक ठिपक्यांत मारलेला लेझर) वापरतात, पण सावळ्या त्वचेवर लेझरनंतर काळे डाग राहण्याचा धोका अधिक असल्याने अशा त्वचेचा अनुभव असलेलाच त्वचारोगतज्ज्ञ गाठावा.

सेल्युलाइटच्या बाबतीत कॅफीन किंवा रेटिनॉल असलेल्या क्रीमचा परिणाम अल्प आणि तात्पुरता असतो, मसाजचाही तसाच. व्यायामाने स्नायू भरले की पृष्ठभाग थोडा सपाट दिसतो. मात्र वजन फार वेगाने उतरवले आणि त्वचा सैल पडली, तर खळगे उलट ठळक होऊ शकतात. लायपोसक्शनमध्ये चरबी काढली जाते, पण ओढणारे तंतू तसेच राहतात, म्हणून या कामासाठी ते योग्य नाही. तंतूच सुईसारख्या बारीक पात्याने कापण्याची सबसिजन ही पद्धत त्यातल्या त्यात खळग्यांच्या मुळाशी, म्हणजे टाक्याशीच, भिडते आणि तिचा परिणाम काही वर्षे टिकल्याचे दिसले आहे. हेच तंतू विरघळवणाऱ्या कोलॅजिनेजच्या इंजेक्शनला अमेरिकेत २०२० साली मान्यता मिळाली होती. परंतु त्याने पडणारे मोठे काळेनिळे डाग आणि त्वचेचा दीर्घकाळ राहणारा रंगबदल यांमुळे २०२२ च्या अखेरीस उत्पादक कंपनीनेच ते बंद करण्याचे जाहीर केले.