खाटेजवळची रक्तगोठण चाचणी (प्रसूतिपश्चात रक्तस्रावातील)

बाळंतपणानंतर अतिरक्तस्राव होऊ लागल्यास बाळंतिणीचे रक्त गोठते आहे की नाही, हे तिच्या खाटेजवळच काही मिनिटांत पाहण्याची पद्धत. योनीमार्गे प्रसूतीनंतर ५०० मिलीलिटर किंवा अधिक रक्त गेले तर तो प्रसूतिपश्चात रक्तस्राव. १,००० मिलीलिटरच्या पुढे तो गंभीर मानतात. बहुतेकदा गर्भाशयाची पिशवी आकुंचन न पावल्याने रक्त जाते. मात्र ते जातच राहिले, की गुठळीचे जाळे विणणारे फायब्रिनोजेन संपत जाते. वार वेळेआधी सुटली असेल तर फारच झपाट्याने. गरोदरपणाच्या अखेरीस लिटरला साधारण ४ ते ६ ग्रॅम असणारे हे प्रथिन २ ग्रॅमच्या खाली गेले, तर रक्तस्राव हाताबाहेर जाण्याची भीती असते. प्रयोगशाळेचा अहवाल यायला पाऊण-एक तास लागतो आणि तेवढ्यात सगळे चित्र पालटते.

सर्वांत साधी चाचणी काचेच्या नळीची. कोरड्या, स्वच्छ नळीत २ मिलीलिटर रक्त घ्यायचे आणि ऊब राहावी म्हणून नळी मुठीत धरायची. चार मिनिटांनी ती हळूच कलती करून पाहायची, मग दर मिनिटाला. सात मिनिटांनंतरही गुठळी धरली नाही, किंवा धरलेली हलवताच फुटली, तर रक्त गोठण्यात बिघाड आहे असे समजावे. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असली तर निकाल फसवा येतो. सर्पदंशात २० मिनिटांची अशीच चाचणी करतात, त्यामुळे नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठकडच्या ग्रामीण रुग्णालयांना काचेची नळी परकी नाही.

मोठ्या केंद्रांत थ्रोम्बोइलॅस्टोग्राफी किंवा रोटेम ही यंत्रे वापरतात. १९४८ साली जर्मन वैद्य हेल्मुट हार्टर्ट यांनी मांडलेल्या तत्त्वावर ती चालतात: रक्त गोठताना गुठळी किती घट्ट होते, याचा आलेख साधारण दहा मिनिटांत हाती येतो. वेल्समधील प्रसूतिगृहांत रोटेमवरील फिबटेम चाचणीचा (गुठळीच्या घट्टपणातला फायब्रिनोजेनचा वाटा दाखवणाऱ्या) आकडा १२ मिलीमीटरच्या आत आला, तर फायब्रिनोजेन देण्याचा विचार होतो. यंत्र व त्याची रसायने महाग असल्याने तालुक्याच्या ठिकाणी नळीच खरी उपयोगाची.

अर्थात नळीकडे बघत उपचार थांबवायचे नसतात. पिशवी चोळणे, ती आकुंचित करणारे ऑक्सिटोसिन आणि पहिल्या तीन तासांत गुठळी विरघळू न देणारे १ ग्रॅम ट्रॅनेक्झॅमिक आम्ल हे आधी. गुठळी धरत नाही असे दिसले, तर तो निरोप बाळंतिणीला घेऊन रुग्णवाहिका नाशिककडे निघतानाच तिथल्या रक्तपेढीला फोनवर द्यावा, कारण गोठवलेला प्लाझ्मा (गोठण्याचे घटक असलेला रक्तातला द्रव) वितळवायलाच सुमारे अर्धा तास जातो.